शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयातील संगणक मुक्त प्रणालीवर नेण्याच्या प्रकल्प नोंदी (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

१४ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० च्या नियमित पाठबळाचा आज शेवटचा दिवस. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात चार संगणक आहेत आणि चारही जुने आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो यांपैकी एकातही नाही. नवे संगणक घ्यावेत तर पैसा बियाणे-खताच्या उधारीत आणि सोयाबीनच्या खरेदीत अडकलेला आहे. तेव्हा संचालक मंडळाच्या बैठकीत असे ठरले, की हे संगणक डेबियन या मुक्त, म्हणजे जिचा कोड कोणालाही पाहता येतो अशा, प्रणालीवर न्यायचे आणि ते करताना प्रत्येक पायरीची लेखी नोंद ठेवायची. ही वही त्यासाठी आहे.

काम सुरू करण्यापूर्वी आहे ती स्थिती लिहून ठेवतो. सभासदांचे सातबारे, आठ-अ, आधारच्या प्रती, पासबुकाचे पहिले पान, भागभांडवलाच्या पावत्या आणि कापसाच्या वजनाचे तक्ते, हे सगळे एकाच संगणकाच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये आहे. त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे. निम्म्याहून अधिक कागद ऑपरेटरच्या स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने येतात आणि तिथेच राहतात. कोणती फाइल कुठे आहे हे त्या एका मुलालाच ठाऊक आहे. तो मेहनती आणि प्रामाणिक आहे, परंतु तो लग्नकार्याला बाहेरगावी गेला, की पीक विम्याचा अर्ज भरणेसुद्धा थांबते. मला यात चिठ्ठीचा दोष किरकोळ वाटतो. खरा धोका असा, की सगळी भिस्त एका माणसावर आणि एका यंत्रावर आहे, आणि झालेले काम बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या कोणाला तपासताच येत नाही. प्रणाली बदलूनही हे तसेच राहिले, तर बदलली ती फक्त पडद्यावरची चिन्हे.

१७ ऑक्टोबर

डेबियन १३ ची आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्यासाठीची फाइल) तालुक्याच्या ठिकाणी उतरवून आणली. चारपैकी एक संगणक ३२ बिटचा निघाला. डेबियन १३ पासून त्या जातीच्या प्रोसेसरसाठी स्थापना फाइलच दिली जात नाही, म्हणून तो योजनेतून वगळला. त्यावर यापुढे फक्त वजनकाट्याच्या पावत्या छापल्या जातील आणि त्याला नेटची वायर लावली जाणार नाही.

उतरवलेली फाइल खरी कशावरून, हा प्रश्न आज दिवसभर हाताळला. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ आवृत्तीच्या डाउनलोडचा दुवा मागचे दार (चोरून आत शिरण्याची वाट) ठेवलेल्या फाइलकडे वळवला गेला. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली, त्यांनी अधिकृत पानावरूनच उतरवली होती. अशा वेळी त्याच पानावर छापलेली बेरीज (फाइलवरून गणिताने काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) जुळवून पाहण्यात अर्थ उरत नाही, कारण ज्याला फाइल बदलता येते त्याला बेरीजही बदलता येते. म्हणून बेरजांच्या यादीवर प्रकल्पाची डिजिटल सही असते, आणि ती सही ज्या किल्लीने केली तिचा ठसा (त्या किल्लीची ओळख पटवणारी अक्षरे-अंकांची ओळ) वेगळ्या वाटेने पडताळावा लागतो.

हे काम मी स्वतः केले नाही. लेखापाल ताईंनी आपल्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर डेबियनचे पान उघडले आणि ऑपरेटर संगणकाच्या पडद्यासमोर बसला. ठशाची ४० चिन्हे चार-चारच्या दहा गटांत असतात. ताई एक गट वाचत, ऑपरेटर तो पडद्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणत असे, आणि मगच पुढचा गट. 'डी एफ नऊ बी' पासून 'बी ई नऊ बी' पर्यंत सगळे जुळले. त्यानंतर ताईंनी विचारले, "भाऊ, आकडे जुळले म्हणजे फाइल खरी, हे त समजलं. पन हे आकडे खरे हायेत, हे कोनं ठरवलं?" हा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. याचे शेवटचे उत्तर कुठल्याच एका ठिकाणी नाही. तो ठसा निरनिराळ्या लोकांकडे, निरनिराळ्या यंत्रांवर वर्षानुवर्षे तोच नोंदला गेलेला आहे आणि डेबियनच्या विकासकांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केलेल्या आहेत. फसवणाऱ्याला त्या सगळ्या जागा एकाच वेळी बदलाव्या लागतील. मिळते ती एवढीच हमी, परंतु ती तपासून मिळवलेली असते.

२५ ऑक्टोबर

दिवाळी आटोपल्यावर तिन्ही संगणकांवर स्थापना केली. संपूर्ण डिस्क लक्स पद्धतीने कूटबद्ध केली आहे. संगणक चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तर डिस्क काढूनही कोणाला काही वाचता येणार नाही. मात्र यंत्र बंद असेल तरच हे संरक्षण लागू होते. ते उघडून ठेवून चहाला गेले तर कूटबद्धतेचा काही उपयोग नाही, हे सर्वांना पुन्हा पुन्हा सांगितले.

लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत एका डिस्कला ३२ पर्यंत वेगवेगळ्या किल्ल्या लावता येतात. आम्ही तीन लावल्या. एक ऑपरेटरची, एक ताईंची, आणि तिसरी लिफाफ्यात बंद करून अध्यक्षांच्या गोदरेजच्या कपाटात. कोणी काम सोडले तर त्याची एकच किल्ली रद्द करता येते, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. पासवर्डपासून डिस्कची किल्ली खोलण्यासाठी आर्गॉन२ ही रीत वापरली जाते, जी २०१५ मध्ये पासवर्ड-रीतींच्या खुल्या स्पर्धेत निवडली गेली. ती मुद्दाम वेळ आणि मेमरी खाते. आमच्या यंत्रांवर डिस्क उघडायला दोनेक सेकंद लागतात, आणि अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यालाही प्रत्येक अंदाजामागे तशीच किंमत मोजावी लागते.

पासवर्ड कसे निवडावेत यावर बराच वेळ दिला. मुलांची नावे, गाडीचा नंबर आणि जन्मसाल यांतून माणसे बाहेर पडत नाहीत, कारण लक्षात राहील असे दुसरे काही त्यांना कोणी दिलेलेच नसते. म्हणून १२९६ मराठी शब्दांची यादी केली आणि प्रत्येकाचे रोमन लिपीतील एकच स्पेलिंग ठरवून टाकले, कारण संगणक सुरू होताना जो पासवर्ड विचारला जातो तिथे देवनागरी टंकन चालत नाही. वखर, सरकी, ढेप, पऱ्हाटी, तुराटी, धुरा, बंडी असे इथले रोजचे शब्द तिच्यात आहेत. चार फासे टाकले, की १२९६ पैकी एक शब्द ठरतो. असे सात शब्द मिळून एक पासवाक्य होते. त्याच्या शक्यता ६ वर २१ शून्ये एवढ्या होतात. एका संचालकांनी हरकत घेतली, की यादी भिंतीवर लावली तर चोरालाही ती मिळेल. मिळू द्यावी. हिशेब मांडतानाच यादी त्याच्या हातात आहे असे धरलेले आहे, गुप्त आहे तो फक्त फाशांचा निकाल. कुलपाची रचना शत्रूला ठाऊक असली तरी किल्ली गुप्त आहे तोवर कुलूप टिकले पाहिजे, हे तत्त्व कूटलेखनाचे अभ्यासक केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनाविषयी मांडले होते, आणि मुक्त प्रणालींची सगळी सुरक्षा आजही त्यावरच उभी आहे.

४ नोव्हेंबर

एका संगणकाची तारीख दर वेळी जुन्या सालावर जात होती आणि बँकेचे पान 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नव्हते. मदरबोर्डवरील बटणासारखी बॅटरी संपलेली होती. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे तर फार तर ९० दिवसांची असतात. यंत्राचे घड्याळ चुकले, की खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते. अशा वेळी 'तरीही पुढे जा' हे बटण दाबण्याची सवय लागते, आणि ती सवय एखाद्या विषाणूपेक्षा महाग पडते. बॅटरी बदलली, घड्याळ नेटवरून लावले, बँकेचे पान उघडले.

आज मुख्य काम सुरक्षा दुरुस्त्यांचे होते. इथे नेट दुपारी रेंगाळते आणि भारनियमनात टॉवरही जातो. तिन्ही यंत्रांनी तेच पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) तीनदा उतरवणे परवडणारे नाही, म्हणून एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवले. एकदा आलेले पॅकेज ते साठवून ठेवते आणि बाकीची दोन यंत्रे ते घरातूनच घेतात. मधल्या साठ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, ही यातली मोठी सोय आहे. पॅकेजांची सूची डेबियनच्या किल्लीने सही केलेली असते, सूचीत प्रत्येक पॅकेजची बेरीज असते आणि प्रत्येक यंत्र ती स्वतः पडताळते. ही साखळीही तुटू शकते, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. जानेवारी २०१९ मध्ये पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या खुद्द ॲप्ट या साधनातच असा दोष सापडला, की वाटेत बसलेल्या माणसाला उत्तरात फेरफार करून आपले पॅकेज घुसवता आले असते. तो मॅक्स जस्टिझ या संशोधकाने कळवला आणि लगेच दुरुस्त झाला. ज्या साधनाने दुरुस्त्या येतात त्यालाही दुरुस्ती लागते, म्हणून आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू ठेवली आणि तिची नोंदवही दर सोमवारी ताईंनी पाहायची असे ठरवले.

१२ नोव्हेंबर

मासिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी थेट विचारले, "कोड सगळ्याईले दिसते, त मंग चोराले बी दिसते. हे सुरक्षित कसं?" मी त्यांना दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहितो, कारण या प्रकल्पातील बहुतेक निर्णय त्यातून निघालेले आहेत.

कोड उघडा असला म्हणजे तो कोणी तरी वाचलाच असेल, असे धरून चालता येत नाही. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या साधनात हार्टब्लीड नावाचा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीतून बाहेर पडला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. त्या काळात जगभरच्या सर्व्हरना एक खोटी विनंती पाठवून त्यांच्या मेमरीतील ६४ केबीपर्यंतचा तुकडा कोणालाही मागता येत होता, आणि त्यात पासवर्ड असत, कधी सर्व्हरची खासगी किल्लीही असे. कोड सगळ्यांसमोर होता. तो सांभाळणारी माणसे मात्र मोजकी होती आणि त्यांच्यामागे पैसाही तुटपुंजा होता. ज्यांचा धंदा त्या कोडवर चालत होता, अशा मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला तो या प्रकरणानंतर.

त्याहून गंभीर घटना एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाची आहे. लासे कॉलिन हे ते अनेक वर्षे जवळपास एकटेच, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाने कोणी मदतीला आले, चांगली कामे करून दिली आणि विश्वास कमावला. दरम्यान इतर काही खात्यांवरून कॉलिन यांच्यामागे तगादा सुरू झाला, की काम हळू चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. अखेर त्या व्यक्तीला आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार बसवले गेले. त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवला होता, आणि तो जोडून घेणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नसून फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. ज्याच्याकडे विशिष्ट खासगी किल्ली आहे, त्याला बाधित सर्व्हरवर लॉगिन न करताच आज्ञा चालवता आल्या असत्या.

ते पकडले आंद्रेस फ्रॉइंड यांनी. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करताना त्यांना असे दिसले, की दूरच्या यंत्रात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी ते सोडून दिले नाही. धागा ओढत ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत ते दार पोहोचले होते, स्थिर शाखेत मात्र आलेले नव्हते.

यातून मी सभेपुढे दोन गोष्टी ठेवल्या. बंद कोडमध्ये हीच घटना घडली असती, तर तो अर्धा सेकंद फ्रॉइंड यांना तेवढाच खटकला असता, परंतु आत उतरून पाहण्याची सोय त्यांना नसती. कोड उघडा असणे म्हणजे तपासण्याचा हक्क. तपासणी माणसांनाच करावी लागते. दुसरी गोष्ट आपल्या कार्यालयाशी संबंधित आहे. हल्ला करणाऱ्याने अशी जागा निवडली जिथे एक थकलेला माणूस सगळे एकट्याने ओढत होता. आपल्या ऑपरेटरची जागा नेमकी तशीच आहे. त्याच्यावर अविश्वास म्हणून दुसरी व्यक्ती नेमायची नाही, तर त्याच्यावरचा भार आणि दबाव दोन्ही वाटले जावेत म्हणून नेमायची आहे. ठराव मंजूर झाला.

२१ नोव्हेंबर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम याच महिन्यात प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर पुसावी, ही त्यातली मुख्य अपेक्षा आहे. आम्ही १८ महिने थांबायचे नाही असे ठरवले, कारण साठवलेलीच नसेल ती माहिती चोरीला जाऊ शकत नाही. आधारची पूर्ण प्रत मागणे बंद केले. जिथे ओळख पटवण्यापुरतेच काम आहे, तिथे पहिले आठ अंक झाकलेले आधार घ्यायचे. जुन्या हंगामांच्या विमा अर्जांसोबतच्या पासबुकाच्या प्रती, लेखापरीक्षणाला लागत नाहीत तेवढ्या, ताईंच्या देखरेखीत पुसल्या.

एक प्रात्यक्षिक सर्वांना दाखवले. कार्यालयात आलेल्या एका यादीच्या पीडीएफमध्ये खाते क्रमांकांवर काळ्या पट्ट्या मारलेल्या होत्या. ऑपरेटरने माउसने पट्टीवरून ओळ निवडली, कॉपी केली आणि कोऱ्या फाइलमध्ये चिकटवली, तर क्रमांक जसेच्या तसे उमटले. पट्टी हे वरून काढलेले चित्र असते, खालचा मजकूर जागेवरच राहतो. लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त साधनात २०१९ च्या ६.३ आवृत्तीपासून यासाठी वेगळे साधन आहे, ते पानाचे चित्र करून मजकूर खरोखर काढून टाकते. यापुढे बाहेर जाणारी प्रत्येक यादी त्यातूनच जाईल.

शेतांच्या फोटोंविषयी निर्णय सोपा नव्हता. फोटोत दडलेले अक्षांश-रेखांश पंचनाम्यासाठी लागतात, आणि तोच फोटो माहितीपत्रकात गेला तर घर-शेताचा पत्ता जगाला कळतो. म्हणून मूळ फोटो विमा फोल्डरमध्ये तसाच ठेवायचा आणि प्रसिद्धीसाठीच्या प्रतीतून मॅट२ या साधनाने ती माहिती काढायची.

व्हॉट्सॲपवरील कागदांचे काय? २०१६ पासून त्यातील संदेश सिग्नल या दुसऱ्या संदेश-ॲपच्याच रीतीने टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, त्यामुळे वाटेत कोणी वाचेल ही भीती फारशी नाही. धोका टोकाला आहे, म्हणजे ऑपरेटरच्या गॅलरीत आणि तिच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये. सिग्नलकडे माहिती फारच कमी साठते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन मागणीवर त्यांना खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले एवढेच देता आले होते. संचालक मंडळाचे आपसातले बोलणे सिग्नलवर नेले. सर्व सभासदांना नवे ॲप घ्यायला लावणे मला अयोग्य वाटते. त्यांच्यासाठी कार्यालयाचा वेगळा मोबाइल घेतला, त्याची गॅलरी साठवण आणि बॅकअप बंद केले, आणि आलेला कागद त्याच दिवशी संगणकावर घेऊन तिथून पुसायचा असा नियम केला.

५ डिसेंबर

सरकारी पोर्टलचे सर्व पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या साधनात घेतले. त्याची फाइल आपल्याच डिस्कवर राहते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारे साधन बसवले. जाहिराती गेल्याने पानेही हलकी झाली, आणि इथल्या नेटवर तो फायदा लोकांना सुरक्षेआधी जाणवला. कृती देव फॉन्टमधील जुनी पत्रे युनिकोडमध्ये आणण्याचे काम बाकी आहे.

१९ डिसेंबर

बॅकअप रेस्टिक या साधनाने घेतला जातो, जे पाठवण्याआधीच सगळे कूटबद्ध करते. दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक कार्यालयात, दुसरी शेजारच्या गावी सचिवांच्या घरी, आणि दर आठवड्याला त्यांची अदलाबदल होते. लक्सच्या शीर्षभागाची प्रतही वेगळी काढून ठेवली, कारण डिस्कच्या सुरुवातीचा तो काही मेगाबाइटचा भाग खराब झाला तर योग्य पासवाक्य असूनही डिस्क कायमची बंद होते.

घेतलेला बॅकअप परत उभा करून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. आज कापसाच्या वजनाचे तक्ते एका कोऱ्या डिस्कवर परत आणण्याचे काम ताईंनी लिहिलेल्या सूचना वाचून केले; मी आणि ऑपरेटर दोघेही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मध्येच वीज गेली. इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना जोडलेला असल्यामुळे यंत्र बंद पडले. वीज आल्यावर त्यांनी आपल्या पासवाक्याने डिस्क उघडली, आज्ञा पुन्हा दिली, आणि आलेल्या तक्त्यातील तीन वजने कागदी पावत्यांशी ताडून पाहिली. त्यांच्या सांगण्यावरून सूचनांत दोन ठिकाणी भाषा सुधारली, कारण तिथे मी 'नेहमीची डिस्क' असे लिहिले होते आणि ती कोणती हे नव्या माणसाला कळणार नव्हते. इन्व्हर्टरची एक लाइन संगणकाच्या टेबलापर्यंत ओढण्याचा खर्च मंजूर करून घेतला.

९ जानेवारी २०२६

कापसाचा हंगाम भरात असल्याने या महिन्यात नवे काही बसवलेले नाही. सोमवारच्या नोंदवह्या ताईंनी पाहिल्या. एकदा एका यंत्राच्या दुरुस्त्या अडकलेल्या त्यांना दिसल्या, साठ्याच्या यंत्राची डिस्क भरली होती. जुनी पॅकेजे काढण्याची आज्ञा सूचनांत होतीच. त्यांनी ती चालवली आणि मला नंतर कळवले.

बोटांच्या ठशांचे आमच्याकडील यंत्र डेबियनवर चालत नाही, त्याचा चालक कोड (ड्रायव्हर) उघडा नाही. ज्या कामाला बोटाचा ठसा लागतो ते काम तूर्त सेवा केंद्रातच होईल; एवढ्यासाठी पाठबळ संपलेली प्रणाली जाळ्यावर पुन्हा आणायची नाही, असे मंडळाने लिहून दिले आहे. डेबियन १३ ला सुरक्षा पथकाच्या दुरुस्त्या ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि त्यानंतर दीर्घकालीन पाठबळ जून २०३० पर्यंत आहे. पुढच्या आवृत्तीवर जाण्याचे काम २०२८ च्या उन्हाळ्यात, सोयाबीनच्या पेरणीआधी, ठेवले आहे. नव्या आवृत्तीच्या किल्लीचा ठसा वाचून पडताळण्यासाठी तेव्हा तिसरी व्यक्ती लागेल, म्हणून बचत गटातील एका मुलीने पुढच्या सोमवारपासून ताईंसोबत बसायला सुरुवात करायची आहे.